बॉब हेज : ऑलिम्पिक सुवर्णवीर फुटबॉलमध्येही चमकला, मग त्याच्यासारखे वेगवान खेळाडू शोधणारे संघ का फसत राहिले?

तारीख १५ ऑक्टोबर १९६४. टोकियो ऑलिम्पिकमधली पुरुषांची १०० मीटरची अंतिम शर्यत. पहिल्या लेनमध्ये अमेरिकेचा एक जाडजूड खांद्यांचा तरुण उभा होता. धावपटूपेक्षा पहिलवान वाटावा असा त्याचा बांधा. त्या काळी धावपट्टी आजच्यासारखी सिंथेटिक नसायची, जळक्या कोळशाच्या बारीक खडीची असायची. त्यातून पहिली लेन चालण्याच्या शर्यतीतल्या स्पर्धकांच्या पावलांनी उखडून गेलेली. आणि पठ्ठ्याच्या पायात एक बूट दुसऱ्याकडून मागून आणलेला, कारण स्वतःचा एक बूट खोलीवरच राहिला होता.

तरीही तो १० सेकंदांत पोहोचला. जागतिक विक्रमाशी बरोबरी झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूला १०.२ सेकंद लागले. शंभर मीटरच्या शर्यतीत हा फरक फार मोठा असतो.

या तरुणाचं नाव बॉब हेज. अमेरिकेत त्याला बुलेट बॉब म्हणत. पुढे तो अमेरिकन फुटबॉलमध्ये गेला आणि तिथेही त्याने मैदान गाजवलं. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक आणि सुपर बोलचं विजेतेपद अशा दोन्ही गोष्टी नावावर असलेला तो आजही एकमेव खेळाडू आहे.

पण त्याच्या यशाचा एक विचित्र परिणाम झाला. त्याला बघून संघांना वाटलं की पळणारा माणूस आणावा, बाकीचं शिकवता येईल. या एका समजुतीपायी अमेरिकेतल्या संघांनी पुढची अनेक दशकं आपल्या महागड्या संधी वाया घालवल्या. नेमकं काय चुकत होतं, हे हेजच्या आयुष्याकडे नीट पाहिलं की कळतं.

आधी थोडं या खेळाबद्दल

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी आणि रोनाल्डोचा खेळ नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू अंडाकृती असतो, अंगावर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट असतं. क्वार्टरबॅक हा खेळाडू चेंडू लांब फेकतो. तो झेलण्यासाठी कडेने पळत जाणाऱ्या खेळाडूला वाइड रिसीव्हर म्हणतात. त्याला अडवायला समोरच्या संघाचा कॉर्नरबॅक असतो.

व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू या लीगमध्ये ड्राफ्टमधून येतात. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. संघ एकेक करून खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात सर्वात वाईट खेळलेल्या संघाला सर्वसाधारणपणे पहिली पाळी मिळते. त्यामुळे पहिल्या फेरीतली निवड ही सोन्याच्या भावाची. ती चुकली तर संघ काही वर्षं मागे पडतो.

जॅक्सनव्हिलचा मुलगा

रॉबर्ट ली हेजचा जन्म २० डिसेंबर १९४२ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरात झाला. तो काळ वंशभेदाचा. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. हेज मॅथ्यू गिल्बर्ट हायस्कूलमध्ये शिकला. १९५८ साली या शाळेचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता राज्यातल्या कृष्णवर्णीय शाळांचा विजेता ठरला. हेज त्या संघात होता, पण राखीव खेळाडू म्हणून.

शाळेनंतर त्याने टॅलाहासी इथल्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात प्रवेश घेतला. हे कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेलं विद्यापीठ. महत्त्वाची गोष्ट अशी की त्याला मिळालेली शिष्यवृत्ती फुटबॉलची होती, धावण्याची नव्हे. जेक गेदर हे तिथले नावाजलेले फुटबॉल प्रशिक्षक. त्यांच्या संघात हेज हाफबॅक म्हणून खेळायचा. म्हणजे चेंडू हातात घेऊन थेट समोरच्या गर्दीत घुसायचं, मार खायचा, पडायचं आणि पुन्हा उठायचं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

धावण्यात तर त्याला तोडच नव्हती. पण आसपासची गोऱ्यांची विद्यापीठं त्याला आपल्या स्पर्धांना बोलवत नव्हती. १९६२ मध्ये मायामी विद्यापीठाने त्याला निमंत्रण दिलं आणि तिथे त्याने १०० यार्डांची शर्यत ९.२ सेकंदांत संपवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सेंट लुइस इथे त्याने ९.१ सेकंदांचा नवा विक्रम केला. तो अकरा वर्षं टिकला.

टोकियोतला तो शेवटचा टप्पा

१०० मीटरचं सुवर्ण जिंकल्यावर सहा दिवसांनी चार बाय १०० मीटर रिलेची अंतिम शर्यत झाली. हेज शेवटच्या टप्प्याला उभा होता. त्याच्या हाती बॅटन आलं तेव्हा अमेरिकेचा संघ मागे पडलेला होता आणि पुढे बरेच संघ होते. त्यानंतर जे घडलं ते आजही धावण्याच्या इतिहासातल्या सर्वात थरारक तुकड्यांपैकी एक मानलं जातं. हेजने एकेकाला मागे टाकलं आणि जवळपास तीन मीटरच्या फरकाने शर्यत जिंकून दिली. अमेरिकेची वेळ ३९ सेकंदांच्या आसपास, नवा जागतिक विक्रम.

हातातल्या घड्याळांनी त्याच्या टप्प्याची नोंद साडेआठ ते नऊ सेकंदांच्या दरम्यान केली. अर्थात रिलेत धावपटू आधीच वेगात असताना बॅटन घेतो, त्यामुळे या वेळेची तुलना साध्या शंभर मीटरशी करता येत नाही. तरी असं धावताना तोवर कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

आणि इथेच त्याने धावणं सोडलं. वय अवघं एकवीस.

काउबॉइजने लावलेला स्वस्तातला डाव

डॅलस काउबॉइज या संघाने हेजला ऑलिम्पिकच्या आधीच निवडून ठेवलं होतं. १९६४ च्या हंगामाचा ड्राफ्ट डिसेंबर १९६३ मध्ये झाला. त्यात सातव्या फेरीत, एकूण ८८ व्या क्रमांकावर त्यांनी त्याचं नाव घेतलं. तो अजून महाविद्यालयात होता. पण त्या वेळच्या नियमांनुसार अशा खेळाडूचा हक्क आधी घेऊन ठेवता येत असे.

८८ व्या क्रमांकाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. काउबॉइजना त्याचा वेग माहीत होता, पण त्यांनी त्यासाठी आपली मौल्यवान निवड खर्च केली नाही. आधी जे खेळाडू खात्रीचे वाटले ते घेतले आणि मग हा डाव लावला. लागला तर लागला, नाही लागला तर फारसं बिघडणार नव्हतं.

डाव लागला. १९६५ मध्ये पहिल्याच हंगामात हेजने ४६ झेल घेत १,००३ यार्ड मिळवले आणि १२ टचडाउन केले. दुसऱ्या वर्षी ६४ झेल, १,२३२ यार्ड, १३ टचडाउन. झेल घेऊन केलेल्या टचडाउनमध्ये दोन्ही वर्षी तो लीगमध्ये अव्वल होता. १३ नोव्हेंबर १९६६ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध त्याने एकाच सामन्यात २४६ यार्ड काढले. त्यात एक टचडाउन तर ९५ यार्डांचा होता. काउबॉइजचा हा संघ-विक्रम मोडायला २००९ साल उजाडावं लागलं.

बचाव करणाऱ्यांची पंचाईत

तोवर बचावाची साधी रीत होती. तुझा माणूस तू धर, माझा मी धरतो. पण हेजला धरणार कोण? एकास एक ठेवलं तर तो सरळ पुढे निघून जायचा. मग संघांनी दुसरा मार्ग जास्त वापरायला सुरुवात केली. माणसाच्या मागे पळण्याऐवजी मैदानाचे भाग वाटून घ्यायचे आणि आपल्या भागात जो येईल त्याला अडवायचं. याला झोन डिफेन्स म्हणतात. ही पद्धत हेजच्या आधीही होती, पण तिचा प्रसार होण्यामागे त्याचा मोठा वाटा मानला जातो.

दुसरा उपाय धसमुसळा होता. हेजला पळूच द्यायचं नाही. चेंडू सुटण्याच्या आधी त्याला धक्के द्यायचे, अडवायचं, त्याची लय बिघडवायची. त्या काळी नियम याला बरीच मोकळीक देत. कॉर्नरबॅकने पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देऊ नये, असा नियम १९७८ मध्ये आला. तोवर हेज निवृत्त झालेला होता.

म्हणजे हेजने आपली बहुतेक कारकीर्द मार खात काढली. तरीही तो टिकला. १९७० मध्ये त्याच्या प्रत्येक झेलाची सरासरी २६.१ यार्ड होती, लीगमध्ये सर्वाधिक. १६ जानेवारी १९७२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये काउबॉइजनी मायामी डॉल्फिन्सला २४-३ असं हरवून सुपर बोल जिंकला आणि हेजच्या नावावर तो दुहेरी मान लागला.

त्याच्यात कमतरता नव्हत्या असं नाही. ३१ डिसेंबर १९६७ चा ग्रीन बे इथला सामना आइस बोल म्हणून प्रसिद्ध आहे. तापमान उणे २५ अंश सेल्सियस. गारठलेला हेज, चेंडू आपल्याकडे येणार नसेल तेव्हा हात पॅंटमध्ये खुपसून उभा राहायचा आणि येणार असेल तेव्हा हात बाहेर काढायचा. समोरच्या संघाच्या हे ध्यानात आलं आणि काउबॉइजची चाल आधीच फुटू लागली. तो सामना डॅलस १७-२१ असा हरलं. जगातला सर्वात वेगवान माणूस, पण बारीकशा सवयीने त्या दिवशी त्याची धार बोथट केली.

मग सुरू झाला नकलांचा काळ

हेजचं यश बघून बाकीचे संघ ऑलिम्पिकच्या यादीकडे वळले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जिम हाइन्सने १०० मीटर ९.९५ सेकंदांत धावून सुवर्ण जिंकलं. हा विक्रम १९८३ पर्यंत अबाधित होता. म्हणजे घड्याळ पाहिलं तर हाइन्स हेजपेक्षाही वेगवान. मायामी डॉल्फिन्सने त्याला सहाव्या फेरीत घेतलं. त्याची संपूर्ण कारकीर्द दोन झेल आणि २३ यार्डांत संपली. हातातून चेंडू इतके निसटायचे की त्याला उप्स असं टोपणनाव पडलं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा आणि पदक घेताना मूठ उंचावून जगभर गाजलेला टॉमी स्मिथ सिनसिनाटी बेंगल्सकडे गेला. त्याच्या नावावर एनएफएलमध्ये एकच झेल आहे.

पुढे ऑलिम्पिकची जागा दुसऱ्या घड्याळाने घेतली. ड्राफ्टच्या आधी खेळाडूंची चाचणी होते. तिला स्काउटिंग कॉम्बाइन म्हणतात. तिथे सगळ्यांचं लक्ष ४० यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरच्या धावेवर असतं. एक दशांश सेकंदाने खेळाडूचा भाव चढतो किंवा उतरतो.

२००५ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जने ट्रॉय विल्यमसन या वेगवान रिसीव्हरला सातव्या क्रमांकावर घेतलं. ही निवड त्यांना रँडी मॉस हा दिग्गज रिसीव्हर ओकलंड रेडर्सना देऊन मिळाली होती. विल्यमसनच्या हातून सोपे झेल सुटत राहिले आणि तीन हंगामांत वायकिंग्जनी त्याचा नाद सोडला.

२००९ मध्ये रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांनीही सातव्या क्रमांकावर तीच चाल खेळली. वेगावर त्यांचा पहिल्यापासून जीव होता. त्या वर्षीच्या चाचणीत डॅरियस हेवर्ड-बे ४० यार्ड ४.३० सेकंदांत धावला होता. त्यांनी त्याला उचललं. झेल घेण्यात जास्त तयार मानला जाणारा मायकल क्रॅबट्री मागे राहिला आणि दहाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोला मिळाला. पहिल्या हंगामात हेवर्ड-बेचे झेल होते फक्त नऊ. २०११ मध्ये त्याने ९७५ यार्ड काढले, पण सातव्या क्रमांकाची किंमत काही वसूल झाली नाही. २०१३ मध्ये संघाने त्याला सोडलं.

२०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांत ४० यार्ड धावून चाचणीचा त्या वेळचा विक्रम केला. सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. दुखापतींनी गाठलेल्या पहिल्या हंगामात त्याला एकही झेल घेता आला नाही. त्याच्या पाठोपाठ, दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने ज्याचं नाव घेतलं तो होता पॅट्रिक माहोम्स, पुढे अनेक सुपर बोल जिंकून देणारा क्वार्टरबॅक.

मग नेमकं चुकतं काय?

चाचणीतली धाव सरळ रेषेत असते. अंगावर पॅड नसतात, समोर कुणी अडवणारा नसतो आणि झेलायला चेंडूही नसतो. सामन्यात या तिन्ही गोष्टी असतात.

रिसीव्हरला प्रत्येक चालीत ठरलेल्या मार्गाने पळायचं असतं. या मार्गाला रूट म्हणतात. अमुक पावलांवर थांब, तमुक दिशेला वळ. क्वार्टरबॅक बऱ्याचदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडतो. रिसीव्हर अर्धं पाऊल चुकला तरी चेंडू विरोधकाच्या हातात जातो. इथे पळण्याइतकंच झटकन थांबणं महत्त्वाचं असतं, आणि पूर्ण वेगात असलेल्या माणसाला थांबणं सर्वात अवघड जातं. त्यात समोरचा बचाव कोणता आहे हे पळता पळता ओळखायचं, धक्का खाऊन मार्गावर परत यायचं आणि कुणीतरी अंगावर येतंय हे ठाऊक असताना नजर चेंडूवरून हलू द्यायची नाही.

हे महाविद्यालयात फारसं दिसत नाही, कारण तिथे वेगवान मुलगा नुसत्या वेगावर निभावून नेतो. समोरचे बचावपटू त्याच्याइतके वेगवान नसतात, त्यामुळे त्याला रूट घोटून घ्यायची गरजच पडत नाही. एनएफएलमध्ये मात्र कॉर्नरबॅकही तितकेच चपळ असतात. मग वेगाचा फायदा आटतो आणि कच्चेपणा उघडा पडतो.

तरीही संघ मोहात पडतात, कारण वेग मोजता येतो. हात किती भरवशाचे, डोकं किती शांत, शिकायची तयारी किती, याचा आकडा निघत नाही. प्रशिक्षकांनाही वाटतं की वेग शिकवता येत नाही पण रूट शिकवता येतात. यातला पहिला भाग बराच खरा आहे. दुसरा भाग वाटतो तितका सोपा नाही, कारण पहिल्या फेरीतल्या खेळाडूकडून निकाल लगेच हवा असतो. शिकायला वेळ द्यायला कुणी तयार नसतं.

हेजही रिसीव्हर म्हणून तयार होऊन आला नव्हता. पण तो आधी फुटबॉलपटू होता आणि मग धावपटू. गेदर यांच्या संघात त्याने मार खाऊन घेतला होता. शिवाय तो सातव्या फेरीत आला होता, म्हणून कुणाच्या अपेक्षांचं ओझं त्याच्यावर नव्हतं. अलीकडच्या काळात टायरिक हिलची गोष्टही अशीच आहे. तोही महाविद्यालयात मुख्यतः चेंडू घेऊन पळणारा. २०१६ मध्ये तो पाचव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि आधी चेंडू परतवण्याच्या कामातून रुळला. पुढे तो लीगमधला सर्वात धोकादायक रिसीव्हर ठरला. कच्च्या वेगावर डाव लावणं चूक नाही. त्यासाठी पक्क्या मालाची किंमत मोजणं चूक.

उतरती कळा आणि उशिरा मिळालेला मान

हेज १९७४ पर्यंत डॅलसकडून खेळला. १९७५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पण चारच सामने खेळून त्याची कारकीर्द संपली. एकूण ३७१ झेल, ७,४१४ यार्ड आणि झेलांवर ७१ टचडाउन. प्रत्येक झेलाची सरासरी जवळपास २० यार्ड.

मैदान सुटल्यावर मात्र तो सैरभैर झाला. दारू आणि अमली पदार्थांनी त्याला गाठलं. साध्या वेशातल्या पोलिसाला अमली पदार्थ दिल्याच्या प्रकरणात त्याने १९७९ मध्ये गुन्हा कबूल केला. पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातले सुमारे दहा महिने त्याने तुरुंगात काढले. बाहेर आल्यावरही व्यसनाशी झगडा चालूच राहिला. १९९० मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात त्याने आपली चढण आणि घसरण दोन्ही मांडली.

ज्या माणसामुळे बचावाची पद्धत बदलली, त्याच्यासाठी हॉल ऑफ फेमचं दार बंदच राहिलं. तुरुंगवासाची सावली त्याच्या नावावरून हटली नाही, असं अनेक जाणकार मानतात. २००१ मध्ये काउबॉइजनी आपल्या रिंग ऑफ ऑनरमध्ये त्याचं नाव कोरलं. तो सोहळा त्याला डोळ्यांनी पाहता आला. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर २००२ रोजी, जॅक्सनव्हिलमध्ये मूत्रपिंड निकामी होऊन त्याचं निधन झालं. वय ५९. त्याआधी तो प्रोस्टेट कर्करोग आणि यकृताच्या आजाराशी झुंजत होता.

२००४ मध्ये हॉल ऑफ फेमच्या अंतिम यादीत त्याचं नाव आलं, पण पुरेशी मतं पडली नाहीत. अखेर २००९ मध्ये त्याची निवड झाली आणि ऑगस्टमध्ये त्याच्या पश्चात हा मान देण्यात आला. शेवटचा सामना खेळून तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.

योगायोग असा की त्याच २००९ च्या एप्रिलमध्ये रेडर्सनी ४.३० सेकंदांच्या आकड्यावर भाळून सातवी निवड खर्च केली होती. हेजच्या वेगाची नोंद घड्याळाने कधीच करून ठेवली होती. पण त्याला मोठं करणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे मार सोसण्याची सवय, खेळाची समज आणि शिकायला मिळालेला वेळ, घड्याळात दिसत नव्हत्या. त्या ओळखायला हॉल ऑफ फेमला जितका उशीर लागला, त्याहून जास्त उशीर संघांना लागतो आहे.